दोन वाट्या रस

सोमवारी तुझं डायलिसिस झालं नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता तू गेलास.

दादा, ही दोन वाक्यं लिहून मी पाच दिवस थांबलो होतो. गावमंडळाने अंकासाठी तुझी माहिती मागितली, ती मी एका बैठकीत लिहून दिली. जन्म, शाळा, कारखान्यातली नोकरी, वहिनीचं जाणं, तुझ्या लेकीचं, मेघाचं लग्न. अर्ध्या पानात बसलास. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदी करत बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला असं अर्धं पान सहज जमतं. चूक एकही नव्हती त्यात. फक्त तू नव्हतास. तू कुठे असतोस ते मला माहीत आहे. तू ओट्यापाशी असतोस, खांद्यावर पंचा, पाठ माझ्याकडे, आणि मी मागे टेबलाशी पुस्तक उघडून बसलेला. तुझा चेहरा आठवू गेलो की आधी पाठच आठवते.

ते अर्धं पान अंकात येईल. हे मी तुला लिहितोय.

लग्न होऊन वहिनी आली तेव्हा पहिल्याच रविवारी तू तिला स्वयंपाकघराच्या दारात अडवलंस. "सोमवार ते शनिवार तुझा. रविवारी हयसर माझा राज." तिची सकाळची शाळा होती, आठवडाभर ती दमलेली असायची, तिला आनंदच झाला. मग ते घर रविवारी सकाळी आठपासून तुझं व्हायचं. कांदा आणि सुकं खोबरं तू इतकं काळजीपूर्वक काळं करायचास की वरच्या मजल्यावरच्या सावंतबाई खिडकीतून विचारायच्या, "काही करपलं का हो खाली?" आणि तू वर मान करून ओरडायचास, "करपला नाय ओ, भाजलाय! या जेवूक!" त्या यायच्या. जेवण झाल्यावर म्हणायच्या, जरा करपलंच होतं. तुझी भाषा अर्धी मालवणी, अर्धी भांडुपची. मी घरात बोलतानाही छापल्यासारखं बोलतो, असं तू म्हणायचास. म्हणून मी पंडित.

पंडिताला वाढून तू समोर बसायचास. माझ्या डाव्या हातात पुस्तक असायचं, उजव्या हातात वडा. "पुस्तक ठेव मेल्या. कोंबडी रुसता." मी ठेवायचो नाही. ग्रंथालयातल्या एका जाड शब्दकोशात तुझ्या रश्श्याचा अंगठ्याएवढा डाग आहे. तो माझ्या हातून पडलाय हे मी तिथे कुणालाही कधी कळू दिलं नाही. निवृत्त व्हायच्या दिवशी मी तो कोश काढून वास घेऊन पाहिला. कागदाचाच वास होता.

मला तुझ्या पदार्थांची मापं हवी होती. वीस वर्षं आपण यावर भांडलो. मी वही घेऊन उभा राहायचो, "पीठ किती?" तू म्हणायचास, "दिसतंय तेवढा." "पाणी?" "पिठाक विचार." मी चिडायचो. तू गेल्यावर हे सगळं जाईल असं मी एकदा बोलून गेलो होतो, तेव्हा आपण दोघंही पन्नाशीच्या अलीकडे होतो आणि ते बोलणं विनोदासारखं वाटलं होतं. तू हसून म्हणालास, "मी गेल्यावर तू कित्याक करतलंस? तुका खातानासुद्धा धड बघूक येणा नाय." वही कोरी राहिली.

मग तुझ्या किडन्या गेल्या. वहिनीला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, मेघा बोरीवलीला सासरी, घरात आपण दोघं. आठवड्यातून दोनदा मुलुंडला डायलिसिस, सोमवारी आणि गुरुवारी. त्यापेक्षा भयंकर होता तो कागद, जो आहाराच्या बाईंनी आपल्यापुढे ठेवला. मीठ नाममात्र. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा, ताक, आमटी सगळं मोजायचं. बटाटा, टोमॅटो, केळं, गूळ पोटॅशियममुळे बंद. भाज्या भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. यादीच्या शेवटी लिहिलं होतं, नारळ कुठल्याही रूपात नाही.

"बाई, मी मालवणचो," तू म्हणालास.

"मग?"

"मग खावचा काय?"

बाई चांगल्या होत्या. हसून म्हणाल्या, "दुधी खा, काका."

तू ओट्यापासून दूर झालास तो त्या दिवशी. "जिथे खोबरा नाय तिथे माझा काम नाय," म्हणालास आणि पंचा खुंटीला लावलास. मग मी उभा राहिलो. मला तेव्हा चहाशिवाय काही येत नव्हतं. पण मला यादी पाळता येते, दादा, मला वाचलेलं तसंच्या तसं करता येतं. मी भाज्या चिरून दोन-दोनदा उकळल्या. चहाच्या चमच्याच्या टोकावर मीठ मोजलं. एक लिटरची बाटली रोज सकाळी भरून तुझ्या उशाशी ठेवली. तू काय खाल्लंस ते रोज वहीत लिहिलं. पहिल्या आठवड्यात पदार्थांची नावं लिहिली, मग तेच तेच येऊ लागलं तेव्हा एक शब्द लिहायला लागलो. सकाळ, नेहमीचंच. दुपार, नेहमीचंच. दर महिन्याला सेंटरवरच्या सिस्टर ती वही बघायच्या आणि इतरांच्या घरच्यांना दाखवायच्या. "हे बघा, पथ्य असं सांभाळायचं. या काकांकडून शिका." मी मान खाली घालायचो. मला ते आवडायचं. ही गोष्ट तुला माहीत होती की नाही, कोण जाणे. मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

"भाजीक आंघोळ घातलंस काय रे, पंडित?" पहिला घास घेऊन तू विचारायचास. "साबण लावलंस की नुसतीच?" काही दिवस हे विनोद चालले. मग तू गप्प जेवायला लागलास. तुझं ते गप्प जेवणं मला पथ्याला यश आल्यासारखं वाटत होतं.

आपलं खरं भांडण दुसरंच होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. मीही तेच जेवत होतो. तुझ्यासमोर बसून तोच उकळलेला दुधी, तोच अळणी भात. मला वाटायचं की एवढं तरी मी करू शकतो. तुला त्याचा राग यायचा.

"तू कित्याक खातंस ह्या? तुझी किडनी धड आसा ना?"

"मला चालतं."

"माका नाय चालत. तू बांगडो आण. तळ. हयसर बसून खा. मी बघतंय."

"तुझ्यासमोर? मी काय राक्षस आहे?"

"राक्षस तूच आसस. घरात एक माणूस आसा खाऊ शकणारो, तोय खाणा नाय. मगे ह्या घरात चव कोण घेतलो?"

मी बांगडा आणला नाही. अडीच वर्षांत एकदाही नाही. मला ते क्रूर वाटलं. आता वाटतं, तू मागत होतास ती एक साधी गोष्ट होती, आयुष्यभर तू जी करत आलास ती. समोर बसून दुसऱ्याला खाताना बघणं. पथ्याच्या कागदावर त्याला बंदी नव्हती. ती बंदी मी घातली.

सेंटरवर एक रिवाज होता, तो तिथल्या पेशंटांनीच पाडलेला. मशीन लागलं की पहिल्या तासात मनातलं खायचं, म्हणजे पुढचे तीन तास मशीन ते धुऊन काढतं. सिस्टर तिकडे काणाडोळा करायच्या. शेजारच्या खुर्चीतले घाटकोपरचे गुजराती गृहस्थ दर गुरुवारी केळं आणायचे आणि ते सोलताना देवपूजा केल्यासारखे दिसायचे. तुझी पहिल्या तासाची मागणी एकच होती. रस-शिरवाळे.

आई करायची ते. तांदळाच्या पिठाची उकड, तिचे गोळे, ते पुन्हा उकळत्या पाण्यात टाकायचे, वर तरंगले की गरम गरम लाकडी साच्यात घालून दाबायचे. खाली शेवया पडतात, पांढऱ्या, जाड, चकचकीत. त्यावर नारळाचं दाट दूध, गूळ आणि जायफळ घालून. वाटीत शेवया कमी, रस जास्त. लहानपणी वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं, आणि त्या दिवशी आई दुसरं काही करायची नाही.

गेल्या वर्षी मी बाजारातून तयार शिरवाळे आणि डब्यातलं नारळाचं दूध आणून, स्टीलच्या डब्यात भरून सेंटरवर नेले होते. मशीन लागेपर्यंत अर्धा तास गेला. तू झाकण उघडलंस. आत एकच गोळा झाला होता.

"ह्ये शिरवाळे नाय," तू म्हणालास. "ही खळ आसा. निवडणुकीची पोस्टरा चिकटवूक बरी." शेजारचे केळंवाले इतके हसले की त्यांच्या मशीनने पिपाणी वाजवली आणि सिस्टर धावत आल्या. तूही हसलास. डबा मात्र तसाच परत दिलास. घरी येताना रिक्षात म्हणालास, "शिरवाळे वाट बघत नाय रे. पडले की खावचे."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. बाकी काही न ठेवता हेच ठेवलं.

गेल्या महिन्यात गावाहून चुलतभाऊ आला आणि चार नारळ ठेवून गेला. त्याला तुझं पथ्य माहीत नव्हतं. मी ते सावंतबाईंकडे देणार होतो, पण एक तू घेतलास आणि तुझ्या खिडकीत ठेवलास. तो कानाशी धरून हलवायचास, आतलं पाणी ऐकायचास. आठवडाभर मी ते बघितलं. लिटरभर पाण्यावर जगणारा माणूस नारळातलं पाणी कानाने पितोय. रविवारी सकाळी मी म्हणालो, "उद्या करू या."

"काय?"

"शिरवाळे. घरी. साडेअकराला खा. साडेबाराला आपण मशीनवर. पहिला तास काय आणि आधीचा तास काय."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या पंडिताने नियमाचा अर्थ स्वतःच्या मनाने लावला होता, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा. मग तू दिवसभर पाणी कमी प्यायलास. संध्याकाळी बाटली मला दाखवलीस, अर्धी भरलेली. "ह्या मी वाचवलंय. उद्या ह्याचो रस."

सोमवारची ती सकाळ मी शब्दात नीट ठेवू शकेन असं वाटत नाही. माळ्यावरून आईचा साचा काढला. तू स्वयंपाकघरात स्टुलावर बसलास, पंचा खांद्यावर घेऊन. तो पंचा तू खुंटीवरून स्वतः काढलास, हे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तुझ्या डाव्या हातात डायलिसिसची शीर, त्या हाताने जोर लावायचा नाही. म्हणून हात माझे आणि बाकी सगळं तुझं.

"पीठ किती?" मी विचारलं.

"हात घाल डब्यात. अजून. अजून. बस. आता ह्या लिव तुझ्या वहीत."

"काय लिहू? दोन मुठी?"

"तुझी मूठ की माझी?"

उकड मळताना माझे तळवे भाजले. तू म्हणालास, थांबू नको, थंड झालो गोळो तर दगड होतलो. साच्याचा दांडा मी दोन्ही हातांनी दाबला, तो हलेना. "जोर लाव मेल्या! एवढी वर्षा पुस्तका उचललंस ती काय हवेची होती?" मी अंगाचा भार टाकला आणि खाली ताटलीत पहिले शिरवाळे पडले. वाकडेतिकडे, मध्येच तुटलेले. तू पुढे वाकलास. एक धागा उचलून उजेडात धरलास. मी तुझ्याकडे बघत होतो आणि मला सहावीतल्या मुलासारखं झालं होतं, ज्याचा पेपर बाई तपासताहेत.

"आयेचे असेच तुटायचे," तू म्हणालास.

खोटं होतं ते. आईचे कधी तुटायचे नाहीत. एवढी चांगली गोष्ट माझ्याबद्दल तू त्यापूर्वी कधी बोलला नव्हतास.

तू दोन वाट्या खाल्ल्यास. पहिली भराभर, दुसरी सावकाश, डोळे मिटून. मीही एक खाल्ली, तुझ्यासमोर बसून, पुस्तकाशिवाय. तू मला खाताना बघितलंस. मग म्हणालास, "जायफळ जास्त झाला." मी पळी हातात घेऊन उभा राहिलो, विचारलं, "आणखी वाढू?" आणि त्याच वेळी फोन वाजला.

सिस्टर होत्या. "काका, आज येऊ नका. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची मोटर गेलीय, मशीनं चालत नाहीत. आजच्या सगळ्या पाळ्या उद्यावर. तुमची सकाळी आठला."

"बरं."

"दादा कसे आहेत? सूज, दम वगैरे?"

"नाही."

"चार दिवसांचं अंतर झालंय, उद्या पाच होतील. खाण्यात काही वेगळं नाही ना आलं? आलं असेल तर आत्ताच सांगा, मी दुसऱ्या सेंटरला फोन करते, संध्याकाळपर्यंत सोय होईल."

मी तुझ्याकडे बघितलं. तू वाटी मांडीवर घेऊन बसला होतास, बोटांना रस लागलेला. तू उजवा हात वर केलास आणि आडवा हलवलास. नको.

"नाही," मी म्हणालो. "नेहमीचंच."

दादा, तो हात. मी तो सारखा बघतोय. त्या क्षणी मला वाटलं की तू म्हणतोयस, सांगू नको. आपण दोघांनी शाळकरी पोरांसारखी चोरी केली होती आणि तू म्हणत होतास, बाईंना सांगू नको. पण फोन माझ्या कानाला होता. सिस्टरचा प्रश्न तुला ऐकूच आला नसणार. मी तुला त्याआधी विचारलं होतं, आणखी वाढू? तू त्याचं उत्तर दिलं असशील. नको, पोट भरलं. एवढंच. आणि मी त्या हाताच्या आड लपून खोटं बोललो. मला खोटं बोलायचंच होतं. इतरांना दाखवायची वही माझी होती. तिच्यात दोन वाट्या नारळाचा रस कसा लिहायचा होता?

फोन ठेवून मी तुला सांगितलं की आज जायचं नाही, उद्या आठला. तू म्हणालास, "म्हणजे सुट्टी!" आणि आडवा झालास. तुझा चेहरा इतका निवांत होता. मी मात्र हिशेब करत बसलो. उद्या आठ म्हणजे वीस तास. वीस तास म्हणजे काही फार नाहीत. मी पुन्हा फोन करू शकत होतो. दुपारी तीनला हातात फोन घेतला आणि खाली ठेवला. पाचला पुन्हा घेतला. तू उठून चहा मागितलास, हसत होतास, म्हणालास पुढच्या वेळी जायफळ निम्मं. पुढच्या वेळी म्हणालास म्हणून मी फोन केला नाही. पुढची वेळ म्हणणाऱ्या माणसाला काय होणार आहे, असं मला वाटलं.

मंगळवारी सव्वासहाला तू हाक मारलीस. "पाय उचलणा नाय रे." मी सावंतबाईंच्या मुलाला उठवलं, त्याने गाडी काढली. तुला आम्ही खुर्चीत बसवून खाली आणलं. गाडीत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि तू एकदा म्हणालास, "पंडित." पुढे काही बोलला नाहीस. मी वाट बघितली. अजून बघतोय.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, पोटॅशियम खूप वाढलं होतं, हृदय थांबलं. अंतर जास्त पडलं की होऊ शकतं. मग विचारलं, "खाण्यात काही आलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. नेहमीचंच."

दुसऱ्यांदा. आता तर तुझा हातही नव्हता.

घरात चूल पेटवायची नव्हती. सावंतबाईंनी पिठलं-भात आणून ठेवला आणि समोर बसून राहिल्या, खा म्हणाल्या. मी पहिला घास घेतला. अडीच वर्षांनी जिभेला पुरेसं मीठ लागलं. दादा, ते चांगलं लागलं. माझ्या जिभेला, तू गेलास त्याच दिवशी, पिठलं चांगलं लागलं. मी ताट बाजूला सारून रडलो आणि बाईंना वाटलं तुझ्यासाठी रडतोय.

तेराव्याला तुझ्यासाठी पान वाढायचं होतं. मेघा बोरीवलीहून येऊन दोन दिवस राहिली होती, सगळं तिनेच केलं. ओट्यापाशी उभी राहून तिने विचारलं, "काका, बाबांना शेवटी शेवटी काय खावंसं वाटत होतं? पानावर ठेवू या."

"काही विशेष नाही गं. नेहमीचंच."

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "अडीच वर्षं. नारळाचा एक तुकडा पण नाही मिळाला त्यांना. मीच तुला बजावायचे ना फोनवर, काका काही देऊ नको, काही देऊ नको. आता वाटतं, एकदा तरी मनासारखं खायला द्यायला पाहिजे होतं. उपाशी गेले बाबा." मग तिने वाकून मला नमस्कार केला. "तू होतास म्हणून एवढी वर्षं मिळाली त्यांना. मी करू शकले नसते तू केलंस ते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो. ती पानावर वडे वाढत होती, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. स्वतः आणलेल्या नारळाचं खोबरं किसून घातलं तिने सगळ्यात, मुद्दाम, भरपूर. बापाला आता कसलं पथ्य, म्हणाली. मी तिथे उभा होतो आणि मला कळत होतं की माझ्याजवळ एक गोष्ट आहे जी ऐकली तर तिचं हे दुःख थांबेल. तुझे बाबा उपाशी गेले नाहीत, मेघा. डोळे मिटून दोन वाट्या खाऊन गेले. पण ही गोष्ट पुरती सांगितली की तिच्यापाठोपाठ दुसरीही येते. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात का, हे मी पुढचे कितीतरी दिवस बघत होतो. मी शब्दांत आयुष्य काढलेला माणूस. मला तसं वाक्य सापडलं नाही.

मधल्या काळात मी सेंटरवर जाऊन आलो, तुझे कागद आणायला. सिस्टर म्हणाल्या, फार वाईट झालं, आमचंच मशीन बंद होतं त्या दिवशी, मला झोप लागत नाही. त्यांनाही झोप नाही. मी म्हणालो, तुमची काही चूक नाही. त्या म्हणाल्या, काका, तुमचीही नाही. केळंवाल्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा पहिला तास चालू होता आणि ते काही खात नव्हते.

तिथून परत आल्यावर मी मेघाला फोन केला. संध्याकाळचे सहा वाजले होते, तिच्या घरी कुकरची शिटी होत होती.

"मेघा, तुझ्या बाबांनी सोमवारी रस-शिरवाळे खाल्ले. मी केले होते."

ती एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, "खरंच? आजीसारखे?"

"तुटले होते. पण खाल्ले."

"आवडले त्यांना?"

"दोन वाट्या खाल्ल्या."

ती रडायला लागली, आणि ते रडणं चांगलं होतं, दादा, सुटल्यासारखं. मला तिथेच थांबता आलं असतं. मी फोन ठेवू शकत होतो आणि तिच्याजवळ तेवढंच राहिलं असतं. मी म्हणालो, "त्याच वेळी सेंटरचा फोन आला होता, आज मशीन बंद म्हणून. सिस्टरनी विचारलं होतं, काही वेगळं खाल्लंय का. खाल्लं असेल तर दुसरीकडे पाठवते म्हणाल्या."

कुकरची शिटी थांबली. तिने गॅस बंद केला असावा.

"मग?"

"मी नाही म्हटलं."

"का, काका?"

मी तुझ्या हाताबद्दल सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर अर्धा भार तुझ्यावर गेला असता, आणि तो हात नक्की काय म्हणत होता ते मला माहीत नाही. वहीबद्दल सांगायला हवं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही. मी म्हणालो, "मला सांगता येत नाही गं."

"ठेवते," ती म्हणाली.

त्याला आज नऊ दिवस झाले. ती रोज सकाळी फोन करायची, तू असताना तुला आणि तू गेल्यावर मला. आता तो येत नाही. मीही करत नाही. करून काय बोलायचं ते मला सुचत नाही.

दादा, मी तुला ते दिलं याचा मला पश्चात्ताप होत नाही. खूप प्रयत्न केला, होत नाही. तू धागा उजेडात धरलास ते मी पाहिलंय. पश्चात्ताप होतो तो एका शब्दाचा, आणि तो शब्द मी तीन वेळा बोललो. तुझ्याशी बोलायचं होतं ते मी बोललो नाही. बांगडा आणायला हवा होता. तुझ्यासमोर बसून खायला हवा होता. हे मी तुझ्या पाठीला सांगतोय, नेहमीप्रमाणे, आणि तू वळत नाहीस.

घरात तीन नारळ आहेत. मेघाचा फोन येत नाही. मी दोन वेळा जेवतो.